उपचार चालू असताना दुखणे वाढले तर? : तरुण क्षयरुग्ण व त्यांच्या कुटुंबीयांसाठी एक पाठ



क्षयरोग म्हणजेच टी.बी. हा औषधाने बरा होणारा रोग आहे, ही गोष्ट आता आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही बहुतेकांना ठाऊक झाली आहे. सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या मोफत मिळतात, हेही लोकांना माहीत आहे. परंतु योग्य औषध सुरू केल्यानंतरही काही रुग्णांचे दुखणे मध्येच वाढते आणि असे वाढले तरी ते औषध पुष्कळदा बरोबरच असते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. हे अज्ञान महागात पडते. कारण नेमक्या याच टप्प्यावर घरचे लोक घाबरतात, गोळ्या बंद होतात आणि बरा होऊ घातलेला तरुण मुलगा किंवा मुलगी पुन्हा रोगाच्या तावडीत सापडते.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा कोणती गोळी किती घ्यावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मात्र या विषयावर जे वाचले व समजून घेतले, ते सोप्या भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. रोगाची आणि औषधाची थोडी ओळख

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढला व २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे तो जाहीर केला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडले असे नव्हे. आपल्या महाराष्ट्राच्या कन्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली, त्या वेळी जंतूचा शोध लागून चार वर्षे झाली होती. तरीही त्यांना वाचविणारे औषध जगात कोठेच नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. वय अवघे एकवीस वर्षे. त्या काळी दुखणे वाढले याचा अर्थ एकच होता.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ साली लागला, १९५२ साली आयसोनियाझिड आले आणि पुढे रिफाम्पिसिनमुळे उपचाराचा काळ कमी होत होत सहा महिन्यांवर आला. आज साध्या क्षयासाठी पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड व इथाम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे देतात. ती वजनाप्रमाणे व रोज घ्यावयाची असतात. काही अवयवांच्या क्षयात, उदाहरणार्थ मेंदूच्या किंवा हाडांच्या, हा काळ अधिक असतो.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. १९५६ साली मद्रास येथे एक संशोधन केंद्र सुरू झाले. रुग्णाला घरी ठेवून औषध दिले तरी तो आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णाइतकाच बरा होतो, हे त्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले. त्या अभ्यासाने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली. पण त्याबरोबर जबाबदारीही घरावर आली. दुखणे वाढले तर पहिला निर्णय आता डॉक्टर नव्हे, तर घरातील आई-वडील, आजी आणि मामा घेतात. म्हणून हा विषय घराघरात समजणे आवश्यक आहे.

२. एक उदाहरण

समजा, चिखली तालुक्यातील एका गावात बारावीत शिकणारी सतरा वर्षांची मुलगी आहे. तिच्या मानेवर उजव्या बाजूला बोराएवढी गाठ आली. ती दुखत नाही, पण दोन महिने झाले तरी जात नाही. आपल्याकडे जिला गंडमाळ म्हणतात तीच ही. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून नमुना तपासला व क्षयाचे निदान केले. गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांत संध्याकाळचा बारीक ताप गेला, भूक लागू लागली, वजन दीड-दोन किलोने वाढले. घरात समाधान पसरले.

आणि दीड महिन्यानंतर ती गाठ एकाएकी लिंबाएवढी झाली. वरची कातडी लाल दिसू लागली, शेजारी दुसरी गाठ हाताला लागली आणि पुन्हा ताप आला.

आता घरात काय बोलले जाते हे आपण सर्व जाणतो. “औषध लागू पडले नाही.” “गोळ्या गरम पडल्या.” “सरकारी गोळ्यांत काही दम नाही.” कोणी लेप सांगतो, कोणी डाग द्यायला सांगतो, कोणी दूरच्या एखाद्या जाणत्याचा पत्ता देतो. मुलीच्या गोळ्या उशाशी तशाच पडून राहतात. परीक्षा जवळ आलेली असते आणि पुढे लग्नाचाही प्रश्न असतो, त्यामुळे गाठ ओढणीखाली झाकली जाते व डॉक्टरकडे परत जाणे लांबणीवर पडते.

वास्तविक या मुलीच्या बाबतीत औषध काम करीत असण्याचीच शक्यता मोठी आहे.

३. विपरीत प्रतिक्रिया म्हणजे काय?

रुग्णाला योग्य औषध चालू आहे, तो ते नियमित घेतो आहे, सुरुवातीला बरेही वाटू लागले आहे, आणि तरीही जुनी गाठ वा जखम वाढते किंवा नव्या ठिकाणी सूज येते, या प्रकाराला डॉक्टर ‘पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. आपण तिला विपरीत प्रतिक्रिया म्हणू. साधारणपणे औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत ती दिसते. गाठींच्या क्षयात क्वचित औषधाचा कोर्स संपल्यावरही दिसते.

ही काही नवीन गोष्ट नव्हे. ग्रीस देशातील डॉक्टरांनी १९५५ साली क्षयाचा उपचार घेणाऱ्या मुलांविषयी लिहिले होते की, काहींना मध्येच ताप येतो, छातीच्या एक्स-रेमधील डाग वाढलेले दिसतात आणि तेच औषध पुढे चालू ठेवल्यावर ते ओसरतात. १९८० व १९८४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मेंदूतील क्षयाच्या गाठींबाबत अशीच निरीक्षणे प्रसिद्ध झाली.

मानेच्या गाठींच्या क्षयात हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे वेगवेगळे असले तरी ढोबळमानाने पाच रुग्णांत एकाला तो होतो, असे म्हणता येईल. छातीत पाणी झालेल्या रुग्णाचे पाणी वाढू शकते. मेंदूच्या क्षयात नवी गाठ दिसू शकते. लहान मुलांच्या छातीतील गाठी सुजून श्वासनलिकेवर दाब येऊ शकतो.

४. असे का घडते?

क्षयाचा जंतू मेणासारख्या जाड आवरणाचा व अतिशय मंद वाढणारा असतो. शरीरातील रक्षक पेशी त्याच्याभोवती कोंडाळे करून त्याला अडवून धरतात. रोग बळावलेला असताना रुग्ण अशक्त झालेला असतो व त्याची प्रतिकारशक्तीही मंदावलेली असते. औषध सुरू झाले की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक, जंतू मोठ्या संख्येने मरतात व त्यांच्या मृत शरीराचे तुकडे त्या जागी मोकळे होतात. दोन, रुग्णाची मंदावलेली प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होते. जागी झालेली ही शक्ती मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवरही तुटून पडते. त्यातून सूज, लाली, पू व ताप निर्माण होतो. अशा गाठीतील पू तपासला तर पुष्कळदा त्यात जंतूंची वाढ होत नाही, कारण जंतू मेलेले असतात.

मेलेल्या जंतूचा अंशही एवढी सूज आणू शकतो काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर इतिहासात आहे. १८९० साली कॉखने क्षयाच्या जंतूंपासून काढलेला अर्क ‘ट्युबरक्युलिन’ या नावाने औषध म्हणून पुढे आणला. त्यात जिवंत जंतू नव्हते. तरीही तो टोचल्यावर क्षयरुग्णांना जोराचा ताप येई व रोगाची जागा सुजून लाल होई. काही रुग्ण दगावलेही. औषध म्हणून ते फसले. परंतु क्षयाचा संसर्ग झालेले शरीर जंतूच्या नुसत्या अंशालाही किती तीव्र उत्तर देते, हे त्यातून जगाला कळले. लहान मुलांच्या हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात ती माँटू चाचणी याच तत्त्वावर चालते. हातावर जे थोड्या प्रमाणात घडते, तेच विपरीत प्रतिक्रियेत रोगाच्या जागी मोठ्या प्रमाणात घडते.

५. तरुणांनाच हा त्रास अधिक का?

गाठींच्या क्षयाच्या अनेक अभ्यासांत कमी वयाच्या रुग्णांना ही प्रतिक्रिया अधिक झालेली आढळली आहे. तारुण्यात प्रतिकारशक्ती जोमदार असते, हे त्याचे एक कारण मानले जाते. दुसरे असे की, मुलांत व तरुणांत गाठींचा क्षय पुष्कळ आढळतो आणि ही प्रतिक्रिया गाठींतच जास्त होते. लहान मुलांच्या श्वासनलिका अरुंद असल्याने थोडी सूजही त्यांना जाचक होते.

एच.आय.व्ही. बाधित रुग्णांत हा प्रकार आणखी ठळक असतो. त्यांना एच.आय.व्ही.ची औषधे सुरू झाली की दबलेली प्रतिकारशक्ती वेगाने परत येते व आतला क्षय उसळून आल्यासारखा वाटतो. म्हणून दोन्ही औषधे कधी व कोणत्या क्रमाने सुरू करावयाची, याचे नियम ठरलेले आहेत. अशा रुग्णाने कोणतेही औषध स्वतःच्या मनाने पुढे-मागे करू नये.

६. मात्र प्रत्येक वाढ निरुपद्रवी नसते

येथपर्यंत वाचून कोणी असा समज करून घेईल की, दुखणे वाढले तरी निश्चिंत बसावे. हा समज पहिल्या समजाइतकाच घातक आहे. उपचार चालू असताना दुखणे वाढण्याची इतरही कारणे असतात, ती अशी:

(अ) गोळ्या नियमित न घेणे. कामासाठी परगावी गेल्यावर, लग्नसराईत किंवा पेरणीच्या घाईत गोळ्या चुकतात.

(आ) जंतू औषधाला न जुमानणारा असणे. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले व देशभर खळबळ उडाली. आता अशा प्रतिरोधी क्षयावरही बेडाक्विलिनसारखी नवी औषधे सरकारी कार्यक्रमातून मिळतात, पण त्यासाठी तपासणी वेळेवर व्हावी लागते.

(इ) निदानच वेगळे असणे. मानेची प्रत्येक गाठ क्षयाची नसते. ती कर्करोगाचीही असू शकते.

(ई) औषधाचा दुष्परिणाम. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या, अन्नावरची वासना जाणे ही यकृतावर ताण पडल्याची लक्षणे होत. इथाम्ब्युटॉलमुळे क्वचित नजर अंधुक होते. मात्र रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लालसर होते ती निरुपद्रवी असते, तिला रक्त समजून घाबरू नये.

(उ) क्षयाखेरीज दुसरा एखादा आजार वा संसर्ग जडणे.

विपरीत प्रतिक्रिया आहे असा निष्कर्ष ही सर्व कारणे तपासून दूर केल्यावरच काढता येतो. तो डॉक्टरांनीच काढावयाचा असतो. आपल्या उदाहरणातील मुलीची भूक व वजन वाढत असताना गाठ वाढली, ही खूण आशादायक खरी. पण ती पुरावा नव्हे.

७. डॉक्टर काय करतात?

प्रथम गोळ्यांचा हिशोब घेतात. आमच्या बँकेत ताळेबंद जुळत नसेल तर आधी एकेक नोंद पाहतात, तसेच हे आहे. किती गोळ्या दिल्या, किती घेतल्या, किती उरल्या, वजनाप्रमाणे मात्रा बरोबर आहे काय, हे पाहिले जाते. रुग्णाने येथे खरे सांगितले पाहिजे. चुकलेल्या गोळ्या लपविल्या तर डॉक्टरांचा पुढचा सर्व हिशोब चुकतो. त्यानंतर गाठीतील पू सुईने काढून सीबीनॅट व कल्चर या चाचण्यांना पाठवितात. जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे त्यावरून ठरते. सीबीनॅटमध्ये मेलेले जंतूही दिसू शकतात, त्यामुळे केवळ तो अहवाल होकारार्थी आला म्हणून औषध फसले असे होत नाही. आवश्यकतेप्रमाणे एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताची तपासणी होते.

विपरीत प्रतिक्रियाच आहे असे ठरल्यास क्षयाची तीच औषधे चालू ठेवतात. साधी सूज असेल तर काही आठवड्यांत ती हळूहळू ओसरते. पू साठला असेल तर सुईने काढतात. त्रास तीव्र असेल, विशेषतः मेंदूत वा श्वासनलिकेजवळ, तर प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड ठरावीक काळ देऊन पुढे मात्रा कमी करीत बंद करतात.

या ठिकाणी एक धोक्याची सूचना देणे भाग आहे. स्टेरॉइडने ताप उतरतो, भूक लागते, दोन दिवसांत तरतरी येते. त्यामुळे काही ठिकाणी ते पुडीतून सर्रास दिले जाते. क्षयाचे योग्य औषध चालू नसताना किंवा जंतू प्रतिरोधी असताना दिलेले स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबून रोगाला मोकळे रान देते. तेव्हा विनानावाच्या पुडीपासून दूरच राहावे. तसेच गाठ घरी फोडू नये, तिच्यावर डाग देऊ नये. अशी जखम महिनोन् महिने वाहत राहते.

८. घरच्यांचे कर्तव्य

गाठ वाढली म्हणजे घरात संसर्ग वाढला, असा समज करून मुलीचे ताट-वाटी वेगळे करणारे लोक आहेत. हे चुकीचे आहे. क्षय पसरतो तो फुफ्फुसाच्या रुग्णाच्या खोकल्यातून, हवेवाटे. फक्त मानेच्या गाठीचा क्षय दुसऱ्याला लागत नाही. फुफ्फुसाच्या रुग्णाचाही संसर्ग योग्य औषधाने लवकर कमी होतो.

आहाराकडे लक्ष द्यावे. झारखंडमध्ये केलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात, क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना पूरक धान्य-आहार दिल्याने त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलेले आढळले. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, शेंगदाणे, अंडी, जमेल तसे दूध एवढे पथ्य पुरे. ‘गरम-थंड’ म्हणून अंडी वा डाळ बंद करणे म्हणजे रुग्णाची शक्ती काढून घेणे होय.

आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, तसेच पुण्या-मुंबईकडे व सुरतेकडे तरुण मोठ्या संख्येने कामाला जातात. जाण्याआधी दवाखान्यात सांगावे. क्षयरुग्णाची नोंद ‘निक्षय’ या देशव्यापी यंत्रणेत असते, त्यामुळे दुसऱ्या गावीही उपचार पुढे चालू ठेवता येतो.

९. उपलब्ध सोयी

राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व जिल्हा क्षयरोग केंद्र या पायऱ्यांनी रुग्णाला पुढे पाठविता येते. अवघड प्रसंगी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा आधार असतो, आणि २०२४ साली बुलढाण्यालाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. गावातील आशाताईंना विचारल्यास योग्य वाट कळते. १८००-११-६६६६ या मोफत दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते.

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून सुरू झाली. तिच्यात उपचाराच्या काळात दरमहा मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते. या बाबतीत मात्र मी अधिकाराने चार शब्द सांगू शकतो. खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले असेल, आधारशी जोडलेले नसेल, नावात फरक असेल किंवा बँकांच्या विलीनीकरणानंतर शाखेचा जुना आयएफएससी कोड दिला असेल, तर रक्कम अडकते. म्हणून गोळ्या सुरू होतील त्याच आठवड्यात पासबुक घेऊन शाखेत जावे व खाते चालू असल्याची खात्री करून घ्यावी. काउंटरवर विचारण्यात कमीपणा मानू नये.

१०. लक्षात ठेवावयाचे मुद्दे

१) औषध चालू असताना गाठ वा ताप वाढला तर गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.
२) पण घरीही बसू नये, दोन-तीन दिवसांच्या आत, उरलेल्या गोळ्या व सर्व कागद घेऊन त्याच दवाखान्यात जावे.
३) तीव्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी, झटके, मान ताठणे, धाप लागणे, मुलाच्या श्वासाचा घरघर आवाज, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे.
४) डोळे पिवळे झाले किंवा नजर अंधुक झाली तर पुढची गोळी घेण्याआधी, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.
५) दर महिन्याला वजन करून वहीत लिहून ठेवावे. ती नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.
६) औषध सुरू करतानाच डॉक्टरांना विचारावे, “मध्ये गाठ वाढू शकते काय? वाढली तर कोणाकडे यावे?” आधी कळलेली गोष्ट घडली तर माणूस घाबरत नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर माझा विशेष भर आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. त्यांतील पुष्कळ जण ऐन शिक्षणाच्या व कमावत्या वयातले आहेत. आनंदीबाईंच्या काळी औषध नव्हते म्हणून एकविसाव्या वर्षी जीव गेला. आज औषध घरात असताना, केवळ गाठ वाढली या भीतीपोटी कोणा मुलीच्या गोळ्या बंद पडू नयेत. विहारातील साप्ताहिक सभेत, महिला मंडळात, बचत गटाच्या बैठकीत हा पाठ एकदा मोठ्याने वाचला जावा व ज्यांच्या घरी क्षयाचा रुग्ण आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचविला जावा, अशी सर्वांना नम्र विनंती आहे.